चौदा नंबरला बाहेर काढा

हॉर्नची कल्पना रॉइस लेथबोर्गचीच होती. पुढे जे झालं त्यानंतर हे कुणीही त्याला बोलून दाखवलं नाही, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. कुणी चारचौघांत खडसावलं असतं, निदान तोंडावर दार आपटलं असतं, तर त्याच्या घशाखाली घास तरी उतरला असता. पण ब्रॅकन फ्लॅटची माणसं शहाणी. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते, कारण त्या दिवशी हॉर्नवर हात प्रत्येकाचाच होता.

नेव्हिल ब्रम्बी या माणसाने गावाला उबग आणला होता, हे आधी सांगायला हवं. दर शनिवारी जिल्ह्याच्या रेडिओवर फुटबॉलच्या सामन्याची कॉमेंटरी तो करायचा. फुटबॉल म्हणजे आमचा टास्मानियाचा, लांबोडक्या चेंडूचा, हाताने झेलायचा आणि पायाने मारायचा. नेव्ह तरुणपणी सॉयर्स बेंडकडून खेळलेला, म्हणजे शेजारच्या गावाकडून, म्हणजे शत्रूकडून. आमच्या मैदानाच्या कडेला खांबांवर उभी केलेली एक पत्र्याची खोली आहे. शिडी चढून तो तिथे बसायचा आणि तिथून जे बोलायचा ते गाड्यांमधल्या रेडिओवर तर यायचंच, शिवाय कँटीनच्या भिंतीवरच्या भोंग्यातून मैदानभर जायचं, थेट आमचा कोच बसतो त्या बाकापर्यंत. म्हणजे हा गृहस्थ आमच्याच अंगणात बसून आमच्याच भोंग्यातून आमचीच अब्रू काढायचा.

आमच्या संघाला टिटव्या म्हणतात. मैदानाच्या मधोमध दरवर्षी टिटवी अंडी घालते आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, म्हणून. त्यावर नेव्ह म्हणायचा, "टिटव्या नावाला जागल्या. आरडाओरडा भरपूर, उड्डाण बेताचं." जिंकलो तरी त्याचं समाधान नाही. समोरचे दमले होते म्हणून जिंकलो, वारा पाठीवर होता म्हणून जिंकलो. त्याच्या तोंडून एक बरा शब्द निघेल म्हणून माणसं कान लावून बसायची आणि शेवटी स्टिअरिंगवर मूठ आपटायची.

"याच्या लग्नातसुद्धा यानं बायकोच्या चालण्यात चूक काढली असेल," रॉइसच्या शेजारी गाडी लावणारा गॉर्डी म्हणायचा.

"आणि पाद्र्याच्या उच्चारात," रॉइस म्हणायचा. मग दोघं थर्मासमधला चहा ओतून घ्यायचे.

पण या हंगामात नेव्हने धरलं ते टलीला. टली हा रॉइसचा नातू, मुलीचा मुलगा. विशीतलं पोर, ताडमाड उंच, बापाविना वाढलेलं, बोलायला लाजाळू. त्याला चौदा नंबरची जर्सी देऊन पुढे उभं केलं होतं, गोल मारायला. झेल सुरेख घ्यायचा, पण पाय बिथरायचा. चेंडू गोलच्या खांबांमधून जायचा सोडून कधी गुरांच्या कुंपणात, कधी कँटीनच्या छपरावर. हे खरं होतं, नाही असं नाही. पण खरं झालं म्हणून भोंग्यातून सांगायचं?

"चौदा नंबरला गोलच्या खांबांत उभा करून चेंडू हातात दिला, तरी तो बाहेरच मारील," नेव्ह म्हणाला. पुढच्या शनिवारी म्हणाला, "चौदा नंबरला बाहेर काढा. त्याच्या जागी कँटीनमधला फ्रीज उभा करा, निदान समोरच्याला वळसा तरी घालावा लागेल."

फ्रीजचा विनोद गावात पसरला. बेकरीत टलीला बघून दोन पोरी हसल्या. तो पाव न घेताच बाहेर आला, आणि हे त्याची आई लियान हिने रॉइसला सांगितलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या थेरड्याचं तोंड कुणीतरी बंद करा हो, डॅड," ती म्हणाली.

आणि रॉइसने ते बंद केलं.

रॉइस आयुष्यभर बटाट्याचा ट्रक हाकत आलेला. निवृत्त झाला तरी ट्रक विकला नाही, शनिवारी तोच घेऊन मैदानावर यायचा. आमच्याकडे मैदानाला गोल गाड्या लागतात, माणसं मांडीवर घोंगडी घेऊन आतूनच सामना बघतात आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. रॉइसचा हॉर्न डोक्यावरची दोरी ओढून वाजवायचा, आणि त्याला तोड नव्हती. तो वाजला की नदीपलीकडच्या गाई मान वर करत. त्याची जागा ठरलेली, पत्र्याच्या खोलीच्या अगदी खाली.

त्याने गॉर्डीला सांगितलं, गॉर्डीने पुढच्या गाडीला. नेव्ह वाकडं बोलला की हॉर्न द्यायचा. गोल होवो न होवो. तो गप्प बसेपर्यंत.

पहिल्या शनिवारी काय मजा आली! नेव्हने "चौदा नंबर" एवढंच म्हटलं आणि अख्खं मैदान गर्जलं. नेव्ह स्वतःसुद्धा हसला. "बरं बाबांनो, घ्या तुमचं," तो म्हणाला. पुढच्या वेळी हसला नाही. त्याच्या पुढच्या वेळी त्याचा आवाज ऐकूच आला नाही, रेडिओतही नाही, कारण माइकमध्ये हॉर्नशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं. क्लबात माणसांनी रॉइसला बिअर पाजली, पाठीवर थापा मारल्या. म्हातारपणी आपण घरच्यांच्या काही कामाला आलो, असं त्याला वाटलं. ते सुखही आता त्याला आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

सॉयर्स बेंडशी सामना झाला तो दिवस थंड आणि कोरडा होता. दोन्ही गावांत घरी कुणी उरलं नव्हतं. लियान कँटीनमध्ये चिप्स तळत होती. तिथे कढईवरच्या पंख्याच्या घरघरीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये टलीने मोठी उडी घेतली आणि मागून कुणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. मुद्दाम नव्हे, गर्दीत लागतं तसा. चेंडू निसटला आणि खेळ सगळा दुसऱ्या टोकाला पळाला, बघणाऱ्यांचे डोळेही त्याच्यामागे. आमचा ट्रेनर, पाणी-पट्ट्या घेऊन धावणारा माणूस, पलीकडच्या कडेला एकाची भुवई फुटली होती ती दाबून बसला होता. टली आपला आपण उठला. गुडघे झटकले. चालू लागला.

रॉइसने पाहिलं. नातू आहे म्हणून त्याची नजर तिथेच होती. पोरगं उठलं, चालतंय, म्हणून त्याने श्वास सोडला.

"चौदा नंबरला बाहेर काढा," रेडिओतून नेव्ह म्हणाला.

रॉइसचा हात वर गेला. आवाज जरा वेगळा होता का? होता. आज विचारलं तर तो सांगेल की होता, विनोद सांगतानाचा तो ओढलेला सूर त्यात नव्हता. पण हात वर गेला होता. गॉर्डीच्या गाडीने साथ दिली, मग पुढच्या गाडीने, मग सगळ्या वर्तुळाने. "ए, काढा त्याला बा..." एवढं अजून आलं, आणि रॉइसने एका हाताने हॉर्न ओढत दुसऱ्या हाताने रेडिओ बंद केला.

टली तेव्हा त्याच्याच बाजूला येत होता, कडेच्या रेषेकडे. मान खाली होती. रेषेपासून हातभर अंतरावर तो थांबला, त्याने डोकं उचललं, ट्रककडे पाहिलं आणि वळला. वळून पुन्हा आत धावत गेला.

"अस्सा!" रॉइस काचेआड ओरडला. "दाखव त्या थेरड्याला!" आणि त्याने हॉर्न आणखी ओढून धरला.

मग लोकांना एक तमाशा दिसला. नेव्ह ब्रम्बी शिडी उतरत होता. खुब्याचा सांधा बदललेला म्हातारा, एकेक पायरी चाचपत, कानावरचे हेडफोन गळ्यात, त्यांची तार मागे लोंबतेय. खाली आला आणि थेट मैदानात शिरला, चालू सामन्यात, दोन्ही हात हलवत, लंगडत. तोंड उघडत होतं, मिटत होतं. लोक हसले. कुणीतरी चिप्सचा कागद भिरकावला. हॉर्न तर असे चढले, जणू आम्ही चषकच जिंकला. म्हातारा शेवटी वेडा झाला, असंच प्रत्येकाला वाटलं.

तो अर्ध्यात पोचला असेल. दुसऱ्या टोकाकडून लांब, उंच चेंडू आला आणि टली त्याखाली गेला. त्याने हात वर केलेच नाहीत. चेंडू येतोय हे त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. समोरून सॉयर्स बेंडचा एक खेळाडू वर बघत पळत आला आणि आदळला. तो उठला. टली उठला नाही.

हॉर्न एकेक करून थांबले. सगळ्यात शेवटी रॉइसचा.

आणि त्या शांततेत नेव्हचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आला. तो टलीजवळ गुडघ्यांवर बसून ओरडत होता, "मी सांगत होतो! केव्हाचा सांगत होतो!" पण हे ऐकायला जवळ खेळाडूंशिवाय कुणी नव्हतं, आणि गाड्यांपर्यंत शब्द पोचले नाहीत, नुसतं ओरडणं पोचलं.

टलीला हेलिकॉप्टरने होबार्टच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी कवटी उघडली. लियान आणि रॉइस बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. तिच्या केसांना अजून तळणीचा वास होता.

"वरून सगळं दिसतं ना हो तिथून?" लियान म्हणाली. "त्या खोलीतून?"

"दिसतं," रॉइस म्हणाला.

"मग तो बोलला का नाही? एरवी पट्टा सुरू असतो मेल्याचा. माझं पोर शिंकलं तरी भोंग्यातून सांगणार. आणि आधी डोक्याला गुडघा लागला म्हणतात, तेव्हा दातखीळ बसली? पडल्यावर कसला आला पळत? नाटक करायला?"

हीच वेळ होती. रॉइसने तोंड उघडलंही. "लियान..." तो म्हणाला. तिने वळून त्याचा हात घट्ट धरला. उजवा. हॉर्नवरचा. "तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे, डॅड," ती म्हणाली, आणि रॉइसने तोंड मिटलं.

टली वाचला. हे आनंदाने सांगायची गोष्ट, आणि गावाने चर्चमध्ये जाऊन आभारही मानले. पण इस्पितळातून आला तो अर्धाच आल्यासारखा. चमच्याला काय म्हणतात ते त्याला आठवेना. उजेड सोसेना, आवाज तर मुळीच नाही. लियानने पडदे शिवून जाड केले आणि फ्रीज मागच्या पडवीत नेला, कारण त्याच्या घुमण्याने पोर कळवळायचं. वीजजोडणीचं काम शिकत होता ते सुटलं. फुटबॉलचं तर नावच नको.

लियान जे इस्पितळात बोलली तेच आता गाव बोलू लागलं. नेव्ह गप्प का बसला? बेकरीवाली त्याला पाव द्यायची, पण सुट्टे हातात न देता काउंटरवर ठेवायची. त्याच्या टपालपेटीत कुणीतरी अंडी फोडली. त्याने रेडिओचं काम सोडलं, किंवा सोडायला लावलं. गाड्यांच्या वर्तुळात बसलेल्या प्रत्येकाने ते पहिलं वाक्य ऐकलं होतं. गॉर्डीने ऐकलं होतं. पण गॉर्डी आता रॉइसला भेटला की पावसाचं बोलायचा, कांद्याच्या भावाचं बोलायचा, आणि घाईत निघून जायचा.

रॉइसला झोप येईनाशी झाली. ट्रकमध्ये बसला की हात हॉर्नच्या दोरीला लागू नये म्हणून तो अंग चोरून बसायचा. एक दिवस त्याने ती दोरी कापून टाकली. त्याने काही हलकं वाटलं नाही. दोरीचा काय दोष?

शेवटी तो नेव्हकडे गेला. नेव्ह मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"ये," नेव्ह वर न बघता म्हणाला. "ट्रक आलेला कळलाच नाही. हॉर्न दिला नाहीस."

रॉइस फाटकापाशीच उभा राहिला. "नेव्ह, मी ऐकलं होतं. पहिलं वाक्य."

"मग?"

"मग रेडिओ बंद केला."

नेव्हने डबा पालथा करून उरलेले दाणे झटकले. "तुझी काही चूक नाही, असं मी म्हणावं म्हणून आला असशील तर परत जा. मी म्हणणार नाही. उठल्यावर तो पोरगा आधी उलट्याच गोलकडे निघाला होता, रॉइस. आंधळ्यासारखा. मी घसा फोडून ओरडत होतो. शेवटी तुम्हा सगळ्यांच्या आया-बहिणी काढल्या माइकवरून. तेही कुणी ऐकलं नाही."

"लियानला सांगतो मी. आजच सांगतो."

 एक कोंबडी नेव्हच्या बुटावर चढली, ती त्याने हाताने उतरवली.

"नको सांगूस," तो म्हणाला. "तिला कुणावर तरी ओरडायला हवंय. माझ्यावर ओरडू दे, मला सवय आहे. तुझ्यावर ओरडली तर मग तिला राहिलं कोण?" मग हळूच म्हणाला, "आणि फ्रीजचा विनोद माझाच होता ना. 'बाहेर काढा' इतक्यांदा म्हटलं मी, की खरं म्हणायची वेळ आली तेव्हा त्यात काही उरलंच नव्हतं. ते तुझं नाही. ते माझं मी बघीन."

रॉइस ट्रकमध्ये येऊन बसला आणि त्याला हायसं वाटलं. खरोखर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो दार उघडून खाली थुंकला. ज्याचं नाव आपण मातीत घातलं त्याच्याकडूनच आपण गप्प राहायची मुभा घेऊन आलो, आणि वर आपल्याला बरं वाटतंय! तरी तो आठवडाभर गप्पच राहिला. माणूस असा असतो.

रविवारी लियानने त्याला जेवायला बोलावलं. कोकराचं मांस, भाजलेले बटाटे, पुदिन्याची चटणी. काटे-सुऱ्या वाजू नयेत म्हणून टेबलावर जाड कापड अंथरलं होतं आणि सगळे हलक्या आवाजात बोलत होते. टली गडद चष्मा लावून बसला होता. त्याचं मांस आईने आधीच कापून दिलं होतं.

"तो ब्रम्बी आज दुकानात दिसला," लियान म्हणाली. "माझ्याकडे बघून टोपी काढली. मी तोंड फिरवलं. लाज वाटत असेल तर माणसानं गाव सोडावं."

रॉइसने बटाट्याचा तुकडा ताटात इकडून तिकडे केला.

"पॉप," टली म्हणाला. तो आजोबाला लहानपणापासून पॉपच म्हणायचा. आता प्रत्येक शब्दाआधी तो जरा थांबायचा, जसा अंधारात पायरी शोधणारा माणूस थांबतो. "मला थोडं आठवलं. त्या दिवसाचं."

लियानने काटा खाली ठेवला. "काय आठवलं, राजा?"

"सगळं पांढरं दिसत होतं. मला उलटी येत होती. मी बाहेर निघालो होतो, पॉप. रेषेपर्यंत आलो होतो. बसावंसं वाटत होतं." त्याने चष्म्याआड डोळे मिटले असावेत. "मग तुझा हॉर्न ऐकला. बाकी कुणाचा नाही कळला, तुझा कळला. मला वाटलं, पॉप म्हणतोय, सोडू नको. म्हणून मी परत फिरलो." आणि तो हसला, इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच. "तू माझ्यासाठी वाजवत होतास ना?"

लियानच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. हो म्हणायला एक मानेचा हेलकावा पुरला असता. पोराने आयुष्यभर तो हॉर्न जपून ठेवला असता, मायेचा म्हणून, आणि नेव्ह ब्रम्बी आपल्या कोंबड्यांत मरून गेला असता.

रॉइसने लियानचा हात खांद्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला.

"नाही, टली," तो म्हणाला. "तो तुझ्यासाठी नव्हता."

"मग?"

"नेव्ह रेडिओवर सांगत होता, चौदा नंबरला बाहेर काढा. तो ऐकू येऊ नये म्हणून मी वाजवत होतो."